अनुभवावर फार्मासिस्ट होता येते का?

प्रश्न : मी बारावी सायन्स (पीसीबी) पास आहे. तीन वर्षे मेडिकल दुकानात काम करतो. दुपारी मालक जेवायला गेले की चिठ्ठी बघून औषधे मीच देतो. चार वर्षांच्या अनुभवावर फार्मासिस्टचा परवाना मिळतो असे ते म्हणतात. खरे आहे का?
– एक वाचक, जि. बीड

उत्तर : नाही. मालकांच्या मनात घाऊक विक्रीचा नियम असावा. तिथे दहावी आणि चार वर्षांचा अनुभव असलेली व्यक्ती मंजुरी घेऊन 'सक्षम व्यक्ती' म्हणून चालते. किरकोळ दुकानात मात्र १९४८ च्या फार्मसी कायद्याच्या कलम ४२ नुसार डॉक्टरांच्या चिठ्ठीवर औषध फक्त नोंदणीकृत फार्मासिस्टच देऊ शकतो. उल्लंघनाला शिक्षा आहे.

घाबरू नका, आजपासून एवढे पाळा. मालक नसताना, ते फार्मासिस्ट असोत वा त्यांनी दुसरा नेमलेला असो, नोंदणीकृत फार्मासिस्ट येईपर्यंत गिऱ्हाइकाला थांबायला सांगा. माल लावणे, बिल करणे, एक्स्पायरी तपासणे, इन्सुलिनच्या फ्रीजचे तापमान २ ते ८ अंश ठेवणे ही कामे तुम्ही जरूर करा. अनुसूची एच-१ मधल्या औषधांची वेगळी वही असते. ती तीन वर्षे जपावी लागते.

तुमच्या बारावीवर दोन वर्षांचा डी.फार्म. करता येतो. त्यानंतर ५०० तासांचे प्रशिक्षण आणि महाराष्ट्र राज्य फार्मसी परिषदेकडे नोंदणी. प्रवेशाआधी कॉलेजला फार्मसी कौन्सिल ऑफ इंडियाची मान्यता आहे ना, हे तपासा. घरबसल्या डिप्लोमा देणाऱ्यांना पैसे देऊ नका. दुकानातली तुमची तीन वर्षे वाया जाणार नाहीत, औषधांची नावे तुम्हाला आधीच पाठ आहेत.