सर्व्हरच्या पडद्यावर 'लॉगइन' का उमटत नाही?

आपल्या पेढ्यांतील रोजमेळ व खतावणी संगणकावर गेल्यास आता बराच काळ लोटला आहे. नवी यंत्रे आली, तरी मागच्या खोलीत लिनक्सवर चालणारा एखादा जुना सर्व्हर निमूटपणे काम करीत असतो आणि तो काम करीत आहे तोवर त्याच्याकडे कोणी पाहतही नाही. मग एके दिवशी वीज जाऊन येते, यंत्र पुन्हा सुरू होते, पडद्यावर अक्षरांच्या ओळी धावू लागतात. परंतु अखेरीस जेथे 'लॉगइन' हा शब्द यावयाचा, तेथे काहीच येत नाही. यंत्र बिघडले असे मानून पुन्हा वीज तोडण्याचा मोह येथेच होतो.

हा मोह आवरला पाहिजे. त्या क्षणी यंत्र आतून पूर्ण जागे असू शकते, दुकानातील इतर संगणक त्यावर नोंदीही करीत असू शकतात. वीज तोडली असता स्मृतीत असलेल्या पण तबकडीवर न उतरलेल्या नोंदी नाहीशा होतात. ईएक्सटी३ सारखी फाइल-व्यवस्था आपल्या बांधणीची दुरुस्ती स्वतः करून घेते हे खरे. परंतु ती दुरुस्ती चोपडीच्या शिवणीची असते, आतील जमाखर्चाची नव्हे. जमा लिहिली गेली आणि नावे राहून गेले, असा प्रकार तिला कळत नाही.

आता 'लॉगइन' हा शब्द लिहितो कोण, ते पाहू. पुष्कळांचा समज असा की, तो लिनक्सचा गाभा, म्हणजे कर्नेल, स्वतः लिहितो. तसे नाही. कर्नेल सुरू झाल्यावर तो 'इनिट' नावाचा पहिला कार्यक्रम चालवितो, आणि इनिट 'गेटी' नावाच्या लहानशा कार्यक्रमास कामाला लावतो. गेटी हे नाव युनिक्सच्या आरंभीच्या दिवसांतले, संगणकाला पडद्याऐवजी टेलिटाइप यंत्र जोडीत तेव्हाचे आहे. त्या यंत्राचा ताबा घेणे हे त्याचे काम. तो 'लॉगइन' हा शब्द छापतो, नाव विचारून घेतो आणि पुढील परवलीचा शब्द विचारण्याचे काम 'लॉगइन' याच नावाच्या दुसऱ्या कार्यक्रमावर सोपवितो. म्हणजे शब्द उमटला नाही याचा अर्थ इतकाच की, त्या पडद्यावर गेटी उभा राहिलेला नाही.

जुन्या पद्धतीत इनिटला सर्व सूचना 'इनिटटॅब' या फाइलीतून मिळतात. तिची प्रत्येक ओळ चार रकान्यांची, मध्ये विसर्गचिन्हे: ओळीचे नाव, कोणत्या रनलेव्हलमध्ये लागू, कृती, आणि चालवावयाची आज्ञा. गेटीच्या ओळीत कृती 'रिस्पॉन' असते. कार्यक्रम संपला की तो पुन्हा उभा करावा, असा तिचा अर्थ. परंतु त्या ओळींच्या आधी एक ओळ असते, तिची कृती 'वेट', म्हणजे थांबा. ती ओळ 'आरसी' या कार्यक्रमाद्वारे सर्व सेवा क्रमाने सुरू करते, आणि ते काम संपेपर्यंत इनिट गेटीकडे वळतच नाही.

आमच्या मते बहुतेक तक्रारींचे मूळ या एका 'थांबा'त आहे. रेड हॅटच्या जुन्या आवृत्त्यांत दुरून प्रवेश देणारी एसएसएच सेवा पंचावन्नाव्या क्रमाने, टपाल पाठविणारी सेंडमेल ऐंशीव्या क्रमाने, आणि 'आरसी लोकल' ही फाइल अगदी शेवटी, नव्व्याण्णवाव्या क्रमाने चालते. सेंडमेलला यंत्राचे पूर्ण नाव हवे असते. ज्या विजेने सर्व्हर बंद पडला तिनेच राउटरही बंद पडलेला असेल, तर नावाचा शोध लागत नाही आणि काही मिनिटे तिष्ठत राहावे लागते. 'होस्ट्स' फाइलीत यंत्राचे नाव व पत्ता लिहून ठेवला की हा खोळंबा टळतो. आरसी लोकलची गोष्ट अधिक वाईट. हिशेबाची प्रणाली बसवून देणारा गृहस्थ तिच्यात आपली एक ओळ घालून जातो. ती आज्ञा कधीच संपणारी नसते, आणि ओळीच्या शेवटी तिला पार्श्वभूमीत पाठविणारे अँपरसँडचे चिन्ह घालावयास तो विसरतो. प्रणाली उत्तम चालते, म्हणून कोणी चौकशी करीत नाही. पडदा मात्र वर्षानुवर्षे कोरा राहतो.

यावरून परीक्षेची रीत आपोआप निघते. प्रथम एखादी कळ दाबावी, कारण पडदा केवळ विश्रांतीसाठी काळा झालेला असू शकतो. नंतर आल्ट व एफ२ दाबून दुसरा पडदा पाहावा. तेथे 'लॉगइन' आढळल्यास दोष पहिल्या पडद्याच्या ओळीपुरता आहे. एकाही पडद्यावर नसेल, तर दुसऱ्या संगणकावरून एसएसएचने आत जाऊन पाहावे. प्रवेश मिळाला, तर अडथळा पंचावन्नाव्या क्रमाच्या पुढे आहे असे धरण्यास हरकत नाही, आणि 'पीएस' आज्ञेच्या यादीत अडून बसलेला कार्यक्रम नावानिशी दिसतो. तेवढाच थांबविला की पडद्यावर शब्द उमटतो. एसएसएचही उत्तर देत नसेल, तर आधीच्या क्रमांकाकडे संशय न्यावा. दुसऱ्या यंत्रावरील फाइली जोडून घेण्याचे काम पंचविसाव्या क्रमाने होते, आणि ते यंत्र बंद असल्यास येथेच बराच वेळ जातो.

आरसी संपूनही शब्द नसेल, तर 'मेसेजेस' या नोंदवहीत पाहावे. एखादा कार्यक्रम दोन मिनिटांत दहापेक्षा अधिक वेळा उभा राहून पडला, तर इनिट त्यास पाच मिनिटे बाजूस ठेवतो आणि तशी नोंद करतो. बहुधा आज्ञेच्या मार्गातील एखादे अक्षर चुकलेले असते, किंवा गेटीचा कार्यक्रमच कोणी काढून टाकलेला असतो. आणखी एक प्रकार असा की, कर्नेलला दिलेल्या 'कन्सोल' सूचनेत सीरियल पोर्टचे नाव शेवटी असते. मग सेवांचे संदेश त्या तारेवर जातात, पण तारेसाठी इनिटटॅबमध्ये गेटीची ओळच नसते. याउलट, शब्द उमटतो परंतु रूटला प्रवेश नाकारला जातो, ही तक्रार निराळी. तिच्यासाठी 'सिक्युअरटीटीवाय' ही फाइल पाहावी.

इनिटटॅबला हात लावण्यापूर्वी तिची एक प्रत काढून ठेवावी. दुरुस्तीनंतर यंत्र बंद करण्याचे कारण नाही. 'टेलइनिट क्यू' ही आज्ञा दिली की इनिट फाइल पुन्हा वाचतो. २०१० साली आलेल्या रेड हॅट एंटरप्राइझ लिनक्स ६ मध्ये मात्र इनिटटॅबमध्ये फक्त रनलेव्हल उरला, आणि गेटीच्या सूचना 'अपस्टार्ट'च्या निराळ्या फाइलींत गेल्या. २०१४ च्या सातव्या आवृत्तीपासून तेथे 'सिस्टिमडी' आहे. त्यात प्रत्येक पडद्यासाठी गेटीची स्वतंत्र सेवा असून तिची स्थिती 'सिस्टिमसीटीएल' या आज्ञेने पाहता येते.