भीती किती मीटरवर सुरू होते?

पदार्थविज्ञान शिकविणारा माणूस कुत्र्यांविषयी काय लिहिणार, असे तुम्हाला वाटेल. मलाही तसेच वाटले असते. पण गेल्या वर्षी आमच्या घरी एक प्रश्न उभा राहिला आणि तो सोडविताना मला चक्क आलेखाचा कागद काढावा लागला. त्याचीच ही हकीकत.

आमचा खंड्या हा साधा गावठी कुत्रा. दोन महिन्यांचा असताना, पावसाळ्याच्या तोंडाशी, तो आमच्याकडे आला. दहा महिन्यांचा होईपर्यंत तो कोणावर साधा गुरगुरलाही नव्हता. मग फेब्रुवारीतल्या एका सकाळी गॅसचे सिलिंडर आणणाऱ्या माणसाच्या खांद्यावरून सिलिंडर निसटले आणि दगडी पायरीवर आदळले. केवढा तरी आवाज झाला. खंड्या जो कॉटखाली शिरला, तो दुपारपर्यंत बाहेर आला नाही. त्या दिवसापासून ओझे घेतलेला माणूस दिसला की तो भुंकू लागला. आठ दिवसांत पोस्टमन, दूधवाला, विजेचे मीटर पाहायला येणारा, असे सगळेच अनोळखी लोक त्याला नकोसे झाले. शेजारी कुरकुरू लागले. “कोणाला चावण्याआधी त्याला कोठे तरी सोडून या,” असे घरमालकांनी निक्षून सांगितले. आमची आठवीतली मुलगी त्या रात्री जेवली नाही.

यावर मी एक उपाय केला, आणि तो चुकला. माझे एक सहकारी घरी आले होते. त्यांच्या हातात मी बिस्कीट दिले आणि ते खंड्यापुढे धरायला सांगितले. खंड्या पोट जमिनीला लावून, मान लांब करून, हळूहळू पुढे आला. त्याने बिस्कीट घेतले. आम्हाला आनंद झाला. पण बिस्कीट संपताच त्याने मान वर केली आणि पुढच्याच क्षणी तो सरांच्या हातावर धावून गेला. शर्टाची बाही फाटली. दात कातडीला लागला नाही, हे नशीब.

खाऊ घालणाऱ्या हातावरच तो का धावला? मी या प्रश्नापाशी अडलो.

भीती आली कोठून?

प्रथम आम्ही खंड्याला पशुवैद्याकडे नेले. एखाद्या जनावराचे वागणे एकाएकी बदलले, तर कान, दात किंवा डोळा दुखत नाही ना, हे आधी पाहावे लागते. खंड्याची प्रकृती उत्तम होती. म्हणजे दुखणे मनाचे होते.

रशियन शास्त्रज्ञ इव्हान पावलॉव्ह यांचे नाव तुम्ही ऐकले असेल. पचनक्रियेवरील संशोधनासाठी त्यांना १९०४ साली नोबेल पारितोषिक मिळाले. एखादा ठरावीक आवाज करून लगेच कुत्र्याला अन्न द्यायचे, असे पुनःपुन्हा केले, की पुढे नुसत्या आवाजानेही कुत्र्याच्या तोंडाला पाणी सुटते, हे त्यांनी दाखविले. आवाज आधी आणि अन्न मागून, हा क्रम लक्षात ठेवा. तो पुढे उपयोगी पडणार आहे. खंड्याच्या बाबतीत ‘ओझेवाला माणूस आधी आणि भयंकर आवाज मागून’ अशी जोडी एकाच फटक्यात जमली. भीतीचे धडे असे लवकर पाठ होतात, आणि एका माणसावरून ते त्याच्यासारख्या इतरांवर पसरतात.

आणखी एक कारण होते. पिल्लू सुमारे तीन ते बारा-चौदा आठवड्यांचे असताना जे पाहते, ते त्याला पुढे आपले वाटते. फ्रीडमन, किंग आणि इलियट या अमेरिकन शास्त्रज्ञांनी १९६१ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात काही पिल्ले चौदा आठवडे माणसांपासून दूर वाढविली; ती पुढे माणसाला बुजतच राहिली. खंड्याचे ते दिवस पावसामुळे बंद दाराआड गेले. त्याने आम्हा चौघांखेरीज माणसे पाहिलीच नव्हती.

ग्रॅममध्ये मोजलेली भीती

आता आपल्या विषयाकडे येऊ. १९४८ साली जडसन ब्राउन या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने उंदरांवर केलेला एक प्रयोग प्रसिद्ध झाला. लांबट, अरुंद बोळ; उंदराच्या अंगाला पट्टा; पट्ट्याला दोरी; आणि उंदीर किती जोराने ओढतो हे ग्रॅममध्ये दाखविणारे साधन. काही भुकेल्या उंदरांना बोळाच्या टोकाशी अन्न मिळते हे शिकविले होते. दुसऱ्या काही उंदरांना त्याच टोकाशी विजेचा झटका बसला होता. पहिले उंदीर टोकाकडे ओढत, दुसरे टोकापासून दूर. ब्राउनने ही ओढ टोकाजवळ आणि टोकापासून दूर, अशा दोन ठिकाणी मोजली.

दोन्ही प्रकारच्या उंदरांची ओढ टोकाजवळ जास्त आणि लांब गेल्यावर कमी भरली. पण अंतर वाढले तेव्हा अन्नाची ओढ थोडीच घटली, भीतीची ओढ मात्र झपाट्याने उतरली. म्हणजे आलेख काढला तर अन्नाची रेषा मंद उताराची आणि भीतीची रेषा कड्यासारखी येते. जेथे या दोन रेषा छेदतात, तेथे मोह आणि भीती दोन्ही असलेला प्राणी थबकतो. नील मिलर या शास्त्रज्ञाने हा विचार १९४४ सालीच मांडला होता.

बिस्किटाचे गणित

समजण्यासाठी आपण काही काल्पनिक आकडे घेऊ. अनोळखी माणसापासूनचे अंतर ‘अ’ मीटर असेल, तर कुत्र्याची माणसाकडे जाण्याची ओढ २० − अ आणि त्याची भीती ३० − ३अ आहे असे माना. अंतर १० मीटर असताना भीती शून्य. त्याहून जवळ आले की ती वाढू लागते. दोन्ही रेषा ५ मीटरवर छेदतात आणि तेथे दोन्हींची किंमत १५ येते. कुत्रा तेथे थांबेल.

आता माणसाच्या हातात बिस्कीट द्या. ओढ ६ ने वाढून २६ − अ झाली. भीतीची रेषा जशीच्या तशीच. नवा छेद २ मीटरवर येतो. कुत्रा तीन मीटर पुढे आला, म्हणून आपण टाळ्या वाजवतो. पण तेथे त्याची भीती किती? ३० − ६ म्हणजे २४! ती कमी झालेली नाही, उलट वाढली आहे. मग बिस्कीट संपते. ओढ पूर्वीसारखी, म्हणजे १८ होते. भीती २४ ची २४. भ्यालेला कुत्रा माणसाच्या अगदी पुढ्यात उभा आहे आणि त्याला तेथे धरून ठेवणारे आता काहीच नाही. अशा वेळी तो पळेल, नाही तर चावेल. सरांची बाही का फाटली, ते आता कळले ना?

दुसरा मार्ग पाहा. ओढ वाढविण्याऐवजी भीतीच ६ ने उतरविली, तर ती २४ − ३अ होते. छेद पुन्हा २ मीटरवरच येतो! पण येथे भीती १८ आणि ओढही १८. शिवाय भीती सुरू होण्याची जागाही १० मीटरवरून ८ मीटरवर सरकते. कुत्रा दोन्ही वेळा दोन मीटरवरच उभा आहे. पाहणाऱ्याला फरक दिसत नाही. फरक त्याच्या मनात आहे.

थोडक्यात, कुत्र्याला माणसाकडे खेचायचे नाही. भीतीची रेषा खाली आणायची.

पीटर आणि ससा

ती खाली आणता येते, हे मेरी कव्हर जोन्स या मानसशास्त्रज्ञ बाईंनी १९२४ सालीच दाखविले होते. पीटर नावाचा तीन वर्षांच्या आतबाहेरचा मुलगा सशाला भीत असे. तो आवडीचा खाऊ खात असताना बाईंनी पिंजऱ्यातला ससा त्याच्या खाण्यात व्यत्यय येणार नाही इतक्या अंतरावर आणला, आणि तो दिवसेंदिवस जवळ आणत गेल्या. शेवटी पीटर सशाला आपली बोटे कुरतडू देऊ लागला. येथे खाऊ सशाकडे नव्हता, पीटरकडे होता, हे ध्यानात घ्या.

खडूच्या रेघा

आम्ही हेच केले. संध्याकाळी रिकाम्या मैदानावर दर मीटरला खडूची एक रेघ ओढली. खंड्याच्या गळ्यात नव्हे, तर छातीला पट्टा बांधला. दोरी माझ्या हातात. मुलीकडे उकडलेल्या अंड्याचे बारीक तुकडे आणि वही. माझा एक विद्यार्थी झाला ‘अनोळखी माणूस’. त्याने दूर, आडवे उभे राहायचे. खंड्याकडे टक लावायची नाही, बोलायचे नाही.

आमचे भीतिमापक म्हणजे अंडे. खंड्या सहज खातो आहे, म्हणजे तो रेषेच्या सुरक्षित बाजूला. कान मागे गेले, शेपूट पायांत गेले, अंग ताठ झाले किंवा त्याने अंडे नाकारले, की आपण फार जवळ आलो. लगेच मागे फिरायचे. पहिल्या दिवशी हे अंतर १४ मीटर भरले.

क्रम पावलॉव्हचा. आधी माणूस दिसे, मग अंडे मिळे. माणूस झाडाआड गेला की अंडे बंद. हा क्रम उलटा केला तर ‘अंडे निघाले, म्हणजे आता संकट येणार’ असा भलताच धडा कुत्रा शिकेल. रोज दहा मिनिटे. त्याहून जास्त नाही. ओरडणे, दोरीला हिसके देणे पूर्ण वर्ज्य, कारण माणूस दिसताच मार मिळाला तर भीतीची रेषा आणखी वर चढते.

जवळ येताना पावले लहान करावी लागतात. माणूस १० मीटरवरून ९ मीटरवर आला, तर तो डोळ्याला सुमारे ११ टक्के मोठा दिसतो. २ मीटरवरून १ मीटरवर आला तर दुप्पट! म्हणून शेवटचे मीटर आम्ही वीतभर अंतराने कमी केले.

पहिल्या आठवड्यात १४ चे ११ मीटर झाले. बाराव्या दिवशी विद्यार्थी छत्री घेऊन आला आणि अंतर एकदम १६ वर गेले. मुलगी रडकुंडीला आली. मी म्हटले, “वहीत लिही. हेही निरीक्षणच आहे.” छत्रीवाला माणूस खंड्याच्या लेखी नवा माणूस होता. मग आम्ही माणसे बदलली, टोप्या बदलल्या, पिशव्या दिल्या. प्रत्येक नव्या माणसाबरोबर सुरुवात थोड्या कमी अंतरावरून होऊ लागली. सात आठवड्यांनी अंतर तीन मीटरवर आले.

तेथून पुढे मात्र ते फारसे हलले नाही. खंड्या आजही अनोळखी माणसाच्या मांडीवर डोके ठेवत नाही. तो उठतो, दोन-तीन मीटर मागे सरकतो आणि मुलीकडे पाहतो. आम्ही दाराशी पाटी लावली आहे: “कुत्र्याला हात लावू नये.” पोस्टमन पत्र टाकून जातो, घरमालकांनी तो विषय पुन्हा काढला नाही. तीन मीटर आम्हाला पुरतात.

सावधगिरी

हा प्रयोग फक्त घरच्या, रेबीजची लस टोचलेल्या कुत्र्यावर आणि मोठ्या माणसांच्या देखरेखीखाली करावा. रस्त्यावरच्या कुत्र्यावर मुळीच करू नये. कुत्रा आधीच कोणाला चावला असेल, तर प्रथम पशुवैद्याचा सल्ला घ्या. कोणत्याही कुत्र्याचा दात लागला, तर जखम साबण आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुवा आणि ताबडतोब दवाखान्यात जाऊन लस घ्या. घरी सांगायला घाबरू नका.

करून पाहा

१. लेखातील चार रेषा (२० − अ, २६ − अ, ३० − ३अ, २४ − ३अ) एकाच आलेख कागदावर काढा आणि छेदबिंदू तपासा.

२. ओढ ६ ऐवजी ८ ने वाढविली, तर कुत्रा कोठे थांबेल? तेथे त्याची भीती किती असेल?

३. शाळेच्या मैदानावरील साळुंकी तुम्ही किती मीटरवर पोहोचलात की उडते, ते दहा वेळा मोजून सरासरी काढा. हेच एखाद्या निर्जन जागी करा. दोन सरासरींत फरक पडला, तर त्याचे कारण काय असावे?