बांबूचे घर : गावासोबत शिकण्याचा एक पाठ

निवासी शाळेतील विद्यार्थ्याला दोन घरे असतात, एक गावाकडचे आणि एक वसतिगृहाचे. दोन्ही ठिकाणी तो राहतो, वाढतो. परंतु घर उभे कसे राहते, त्याचा भार कोण पेलतो, त्यासाठी लागणारी वस्तू कोठून येते आणि ती संपली तर पुढे काय, हे प्रश्न अभ्यासक्रमात क्वचितच विचारले जातात. कार्यानुभवाच्या तासाला आम्ही हे प्रश्न विचारतो तेव्हा सुरुवात बांबूपासून करतो. विदर्भातील मुलांना ही वनस्पती परकी नाही. पावसाळ्यात वास्त्यांची भाजी त्यांनी खाल्लेली असते, घरातले सूप आणि टोपली त्यांनी हाताळलेली असते. मगधराज बिंबिसाराने तथागतांना दान दिलेले राजगृहाचे वेणुवन त्यांनी धड्यात वाचलेले असते. ओळखीच्या वस्तूतून अनोळखी ज्ञानाकडे जाणे हा शिक्षणाचा सोपा मार्ग होय. माजी विद्यार्थी, पालक आणि गावातील मंडळी यांच्यासाठी तोच पाठ येथे थोडक्यात मांडत आहोत.

गवत आणि त्याचे बळ

बांबू हे झाड नव्हे, गवत आहे. गहू, ज्वारी आणि ऊस यांच्याच कुळातले. जमिनीतून निघालेला कोंब एका हंगामात, अवघ्या काही महिन्यांत, आपली पूर्ण उंची गाठतो. त्यानंतर त्याची उंची वाढत नाही आणि जाडीही वाढत नाही. पुढची तीन-चार वर्षे तो आतून पक्व होत राहतो. म्हणूनच उंच दिसणारा प्रत्येक बांबू घराच्या उपयोगाचा नसतो. एक वर्षाचा बांबू टोपलीला चालतो, खांबाला चालत नाही.

आपल्याकडे मुख्यतः दोन जाती आढळतात. मानवेल हा बारीक पण जाड भिंतीचा, अनेकदा जवळजवळ भरीव. त्याचा व्यास साधारण तीन ते आठ सेंटिमीटर असतो. काटेरी कटांग हा त्याहून जाड आणि उंच. बांबूचे तंतू उभे असतात आणि सालीकडे ते सर्वांत दाट असतात. त्यामुळे तो ओढ आणि वाक उत्तम सोसतो. मात्र त्याच कारणाने तो उभा चिरतो. बांबूचे घर बांधण्याचे बहुतेक नियम या एका गुणदोषातून निघतात.

तोड : कोणता, केव्हा, किती

तोड पावसाळ्यात करू नये. त्या काळात बेटात नवे कोंब फुटत असतात आणि बांबूत ओलावा भरपूर असतो. पावसाळा संपल्यावर, थंडीच्या दिवसांत केलेली तोड चांगली. तीन वर्षांवरील बांबू निवडावा. त्याचा हिरवेपणा निस्तेज झालेला असतो, अंगावर करडे-पांढरे डाग आलेले असतात आणि कोयत्याच्या मुठीने ठोकल्यास खणखणीत आवाज येतो. अंगावर पांढरी भुकटी आणि पेरांवर टरफले असलेला बांबू कोवळा समजावा. दरवर्षी नव्या बांबूंवर वेगळ्या रंगाची खूण केली तर पुढे वय ओळखण्यात वाद राहत नाही. हे काम आमचे विद्यार्थी आवडीने करतात.

कापताना जमिनीपासून पहिल्या किंवा दुसऱ्या पेराच्या लगेच वर कापावे. उरलेल्या बुंध्यात पाण्याची वाटी राहिली तर बेट कुजते. बेटाच्या एका बाजूने वाट काढून आतील जुने बांबू काढावेत, बाहेरील कोवळे राखावेत. सोपे म्हणून कडेचे कोवळे बांबू तोडत राहिले की मध्ये जुन्यांची गर्दी होते आणि बेट गुदमरते. दरवर्षी जितके नवे कोंब टिकले तितकेच पक्व बांबू काढले, तर बेट कमी होत नाही. पर्यावरणपूरक घराचा अर्थ अशा साध्या हिशेबातच आहे. लांबच्या गावाहून ट्रक भरून आणलेल्या बांबूचे घर दिसायला निसर्गाजवळचे असले, तरी हा हिशेब त्याच्याकडे नसतो.

टिकाऊपणाची तयारी

प्रक्रिया न केलेला बांबू जमिनीत पुरला तर एक ते तीन वर्षांत निकामी होतो. छपराखाली राहिला तर चार-सहा वर्षे निघतात. त्याचे शत्रू तीन : ओलावा, वाळवी आणि पिठूळ भुसा पाडणारा भुंगा. भुंग्याला बांबूतील पिष्ट हवे असते. जुनी माणसे तोडलेला बांबू दोन-तीन आठवडे ओढ्याच्या पाण्यात बुडवून ठेवीत. त्याने पिष्ट निघून जाते. हा उपाय आजही खरा आहे, पण एकटा पुरेसा नाही.

सध्या वापरात असलेली सोपी पद्धत टाकणखार आणि बोरिक आम्ल यांच्या द्रावणाची आहे. शंभर लिटर पाण्यात तीन किलो टाकणखार आणि दोन किलो बोरिक आम्ल विरघळवून त्यात बांबू पूर्ण बुडवावा. पोकळ बांबूच्या आतील पडदे लोखंडी सळईने फोडावेत, म्हणजे द्रावण आत शिरते. अखंड बांबूला आठ-दहा दिवस लागतात. भरीव मानवेलाला त्याहून अधिक. फोडलेल्या कामट्यांना कमी. नंतर सावलीत उभा ठेवून सहा ते आठ आठवडे वाळवावा. हे द्रावण पोटात जाता कामा नये. टाकी मुलांपासून व गुराढोरांपासून दूर असावी आणि उरलेले पाणी विहिरीजवळ, नाल्यात किंवा तळ्यात सोडू नये. ही क्षारे पावसाने धुऊन जातात, म्हणून प्रक्रिया केलेल्या बांबूलाही छपराचे संरक्षण लागतेच. बांबूच्या संरक्षणासाठी भारतीय मानक ९०९६ आणि रचनेच्या आखणीसाठी भारतीय मानक १५९१२ उपलब्ध आहे. अभियांत्रिकी शिकणाऱ्या आमच्या माजी विद्यार्थ्यांनी ती अवश्य अभ्यासावीत.

बांधणी

पहिला नियम : बांबूचे पाय कोरडे आणि डोके झाकलेले असावे. खांब मातीत पुरू नये. दगडाचे किंवा विटांचे दीड-दोन फूट उंच जोते घालून त्यावर खांब लोखंडी पट्टीने जखडावा. छप्पर भिंतीबाहेर तीन फुटांपर्यंत काढावे, म्हणजे झोडपणारा पाऊस कुडावर येत नाही.

दुसरा नियम : भार पेराजवळ द्यावा, दोन पेरांच्या मधल्या पोकळीवर नव्हे. खिळा ठोकला की बांबू चिरतो. म्हणून आधी भोक पाडून बोल्ट घालावा. मोठा भार येणार असेल तेथे त्या पोकळीत सिमेंटचा मसाला भरावा. आडव्या बांबूला उभ्यावर नीट बसवण्यासाठी उभ्याचे तोंड खोबणीसारखे गोलाकार कापावे.

तिसरा नियम : चौकोन हलतो, त्रिकोण हलत नाही. कोपऱ्यांना तिरके बांबू दिल्याशिवाय सांगाडा स्थिर होत नाही. भूमितीच्या तासाला फळ्यावर सिद्ध केलेली गोष्ट चार कामट्या आणि सुतळी घेऊन मुले पाच मिनिटांत पडताळून पाहतात.

भिंतीसाठी विणलेले तट्टे दोन्ही बाजूंनी लिंपावेत. माती, शेण आणि तनसाचा भुसा यांचे लिंपण आपल्या आयाबायांना उत्तम येते. ओल लागणाऱ्या भागात चुन्याचा किंवा सिमेंटचा पातळ गिलावा द्यावा. छपराला कवेलू चालतात. मात्र हलके घर भूकंपात तरते, वादळात उडू शकते. म्हणून वासे आढ्याला, आढे खांबाला आणि खांब पायाला अशी बांधणी अखंड असावी.

आगीचे भय खरे आहे आणि ते झाकून ठेवू नये. चंद्रपूरजवळ चिचपल्ली येथील बांबू संशोधन व प्रशिक्षण केंद्राच्या इमारतीला २०२१ साली मोठी आग लागली होती. दोन्ही बाजूंनी लिंपलेला कुड उघड्या बांबूपेक्षा पुष्कळ सुरक्षित असतो. चूल बांबूच्या भिंतीपासून दूर ठेवावी, विजेच्या तारा नळीतूनच न्याव्यात, आणि बाहेर पडायला दोन दारे असावीत.

पक्के घर कशाला म्हणावे ?

येथे पालकांचा एक प्रश्न नेहमी येतो, आणि तो रास्त आहे. ‘आमचे आजे कुडाच्या झोपडीत राहिले. आम्ही राबून स्लॅबचे घर बांधले. आता शाळा पुन्हा कुडाचे घर शिकवते, हे कसे ?’ ज्या समाजाला गावाबाहेर, गळक्या छपराखाली राहावे लागले, त्याच्या दृष्टीने सिमेंटची भिंत ही केवळ भिंत नसते. ती मान ताठ ठेवण्याची जागा असते. बांबूचे गोडवे गाताना हा इतिहास विसरणारे लोक आम्हांस मान्य नाहीत. गरिबाने कच्च्या घरात राहावे आणि श्रीमंताने त्याची छायाचित्रे काढावीत, असा या पाठाचा हेतू नाही.

परंतु पक्केपणा वस्तूत नसतो, बांधणीत असतो, हेही तितकेच खरे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपात हजारो माणसे दगावली, ती प्रामुख्याने मातीत रचलेल्या जाड दगडी भिंती आणि धाब्याची जड छपरे अंगावर कोसळून. ती घरे दिसायला भक्कम होती. याउलट १८९७ च्या मोठ्या भूकंपानंतर आसामात हलक्या सांगाड्याची, बोरूच्या किंवा बांबूच्या लिंपलेल्या भिंतींची घरे रूढ झाली, आणि ती पद्धत तेथे पुढेही टिकली. सिमेंटची किंमतही केवळ पैशात नसते; एक टन सिमेंट तयार होताना अर्ध्या टनाहून अधिक कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. जोते, बोल्टची पोकळी, गिलावा अशा मोजक्या जागी सिमेंट आणि उरलेल्या जागी बांबू, असा विवेक ठेवता येतो. आजोबांची झोपडी आणि हे घर यांत फरक आहे तो जोत्याचा, प्रक्रियेचा, मोजमापाचा आणि निवडीचा. यांतला निवडीचा फरक सर्वांत मोठा, कारण आजोबांना निवड नव्हती.

बांबू कोणाचा, काम कोणाचे ?

१९२७ च्या भारतीय वन कायद्यात बांबूची गणना झाडांत होती. त्यामुळे स्वतःच्या बांधावरचा बांबू तोडून नेण्यासही परवान्याची कटकट असे. वनक्षेत्राबाहेरील बांबू २०१७ मध्ये त्या व्याख्येतून वगळला गेला. त्याआधी २००६ च्या वनहक्क कायद्याने जंगलातील बांबूला गौण वनोपज मानले होते. गडचिरोली जिल्ह्यातील मेंढा-लेखा गावाने २००९ मध्ये सुमारे १८०० हेक्टर जंगलावर सामूहिक वनहक्क मिळवला आणि २०११ मध्ये बांबूच्या वाहतूक परवान्याचे अधिकारही ग्रामसभेच्या हाती आले. कायद्यात लिहिलेला हक्क प्रत्यक्ष हाती पडायला पाच वर्षे आणि चिकाटीची ग्रामसभा लागली, ही त्यातील शिकवण होय. मेळघाटात लवादा येथील संपूर्ण बांबू केंद्राने १९९० च्या दशकापासून कोरकू कारागिरांबरोबर बांबूच्या वस्तूंपासून घरांपर्यंत काम उभे केले.

कौशल्याचा प्रश्न अधिक नाजूक आहे. महाराष्ट्रात बांबूकाम पिढ्यान्‌पिढ्या बुरूड समाजाने केले. तो अनुसूचित जातींच्या यादीत आहे. त्याच्या हातातील ज्ञान सर्वांनी वापरले, मोल मात्र टोपलीपुरतेच दिले. जातिव्यवस्था ही केवळ श्रमांची विभागणी नसून श्रमिकांचीही विभागणी आहे, हे बाबासाहेबांनी १९३६ मध्ये ‘जातिप्रथेचे निर्मूलन’ या ग्रंथात दाखवून दिले. तेव्हा हे काम पुन्हा जन्माला चिकटवायचे नाही, हा आमचा पक्का दंडक आहे. आमच्या वर्गात प्रत्येक मुलगा आणि प्रत्येक मुलगी कोयता धरते, कामट्या काढते आणि खर्चाचा ताळेबंदही मांडते. शिकवायला येणाऱ्या कारागिराला ‘गुरुजी’ म्हणावे आणि मानधन इतर पाहुण्या शिक्षकांइतकेच द्यावे. हात आणि हिशेब एकाच माणसाकडे आले की काम हलके राहत नाही.

सुरुवात कशी करावी

एकदम राहते घर बांधू नये. गावाने आधी लहान सार्वजनिक वास्तू घ्यावी : अभ्यासिका, वाचनालय किंवा महिला बचत गटाची बैठकीची खोली. घरकुल योजनेतील घराचे किमान क्षेत्रफळ २५ चौरस मीटर असते. पहिल्या प्रयोगाला तेवढे माप पुरे. ग्रामसभेत जागा, खर्च आणि देखभालीची जबाबदारी ठरवावी, आणि त्या सभेत बायकांचे म्हणणे आधी ऐकावे. लिंपण, चूल, पाणी यांचा रोजचा संबंध त्यांच्याशीच असतो. गावातील बेटे मोजावीत. सुतार, गवंडी, बुरूड आणि लिंपण करणाऱ्या बाया यांची यादी करावी आणि मजुरी कामाआधी लिहून ठेवावी. श्रमदान स्वखुशीचे असावे. ज्याची चूल रोजीवर पेटते त्याच्याकडून श्रमदान मागू नये. आराखडा जाणकार अभियंत्याला दाखवावा. हिवाळ्यात तोड, उन्हाळ्याआधी प्रक्रिया व वाळवण, आणि पावसापूर्वी छप्पर, असा क्रम ठेवावा.

घर उभे राहिल्यावर एक वही ठेवावी. दर पावसाळ्यानंतर बोल्ट ढिले झाले का, कुडाला चीर पडली का, भुसा पडतो का, वाळवीची रेघ दिसते का, हे पाहून तारखेसह नोंदवावे आणि खराब झालेला बांबू त्याच हंगामात बदलावा. ज्या माजी विद्यार्थ्यांना आपल्या गावी असे काम करावयाचे असेल त्यांनी बेटांची मोजणी येत्या थंडीतच सुरू करावी. पक्व बांबूला तीन वर्षे लागतात, आणि खूण केल्याशिवाय ती वर्षे मोजता येत नाहीत.