'ट्रिब्यूट' आणि अंजली

महापरिनिर्वाण दिनाच्या परिपत्रकात इंग्रजीत 'ट्रिब्यूट' आणि मराठीत 'आदरांजली' असे आपण लिहितो. दोन्ही एकच, असे आम्हीही समजत होतो. शब्दकोश उघडला तेव्हा थबकलो.

ट्रिब्यूट आला लॅटिन 'ट्रिब्यूटम'वरून. रोममध्ये 'ट्रिबस' म्हणजे नागरिकांचा विभाग, आणि ट्रिब्यूटम म्हणजे वाट्याला आलेला कर. इ. स. पूर्व १६७ मध्ये मॅसिडोनियाच्या लुटीने खजिना भरला, तेव्हा नागरिकांचा हा कर बंद झाला. जिंकलेले प्रांत मात्र भरतच राहिले. आपल्या भाषेत खंडणीच ती! इंग्रजीतही हाच अर्थ आधीचा. गौरवाचा अर्थ मागाहून आला.

अंजली म्हणजे जोडलेले तळहात, ओंजळ. तीत वसुली नाही. संघवंदनेत आपण 'अंजलिकरणीयो' म्हणतो, म्हणजे हात जोडण्यास योग्य. हात ज्याचे त्यानेच जोडायचे असतात.

हे लिहिण्याचे कारण सांगतो. गेल्या ६ डिसेंबरच्या वर्गणीसाठी आमच्या चाळीतील एका विधवा भगिनीच्या दारी पावतीपुस्तक तीनदा गेले. तिसऱ्यांदा तिने उसने आणून पैसे दिले. पावतीवर 'आदरांजली निधी' असे छापले होते, आणि खाली सही आमचीच होती.