वरिष्ठांचा स्वभाव व हाताखालच्यांची लबाडी

कामावरील मनुष्यानें लबाडी केली कीं त्याला काढून टाकावें, म्हणजे घर स्वच्छ झालें, असें पुष्कळांस वाटतें. त्याच्यावर नेमलेला मनुष्य कोणत्या स्वभावाचा आहे, हें फारसें कोणी विचारीत नाहीं. ह्या प्रश्नाचा विचार आम्ही एका घडलेल्या गोष्टीवरून करणार आहों.

अमेरिकेंत वेल्स फार्गो नांवाची एक जुनी व मोठी बँक आहे. प्रत्येक गिऱ्हाइकाच्या नांवावर खातें, कर्ज, कार्ड असे आठ व्यवहार असावे, असा तिच्या पुढाऱ्यांचा हेतु होता. आठच कां? तर इंग्रजींत ‘आठ’ व ‘थोर’ ह्या अर्थाच्या शब्दांचें यमक जुळतें म्हणून! कारण हसण्याजोगें खरें. पण गल्ल्यावर बसणाऱ्या अल्प पगाराच्या कारकुनास हसण्याची सोय नव्हती. किती खातीं उघडलीं ह्याचा जाब त्याला वारंवार द्यावा लागे, आणि आंकडा न भरल्यास नोकरीची धास्ती असे. तेव्हां पुष्कळांनीं गिऱ्हाइकांस न विचारतां त्यांच्या नांवें खातीं उघडलीं. अशीं संशयित खातीं ३५ लाखांपर्यंत असावीं, असें बँकेनें २०१७ सालीं सांगितलें. २०१६ पर्यंतच्या पांच वर्षांत सुमारें ५,३०० माणसांस काढण्यांत आलें होतें.

वाचकहो, हीं सर्व माणसें जन्मतःच लबाड होतीं काय?

२०१७ च्या एप्रिलांत बँकेच्या संचालकांचा चौकशी-अहवाल प्रसिद्ध झाला. शाखांच्या मुख्य कॅरी टोलस्टेट ह्यांना कोणी उलट प्रश्न केलेला खपत नसे व वाईट बातमी रुचत नसे, असें त्यांत आढळतें. त्यांच्याही वरचे जॉन स्टम्फ हे मोठे आशावादी. बाईंवर त्यांचा पूर्ण भरंवसा. लबाडी करणारे शंभरांत एक, बाकीचे प्रामाणिक, अशी त्यांनीं मनाची समजूत घातली. आमच्या मतें हा दुसरा स्वभाव ओळखण्यास अधिक कठीण आहे. तापट वरिष्ठास सर्व ओळखून असतात; परंतु ज्याला सर्व कांहीं ठीकच दिसतें, त्याच्यापुढें नेलेली तक्रार तेथेंच विरून जाते. मुकादम असो वा शाळेचा मुख्य, ज्याच्या हाताखालीं चार माणसें आहेत त्यानें मनाशीं विचारावें, आपणांस नकोशी बातमी शेवटीं कोणी व केव्हां सांगितली?

कारकून निर्दोष होते असें आम्ही म्हणत नाहीं. खोटें करणारा हात ज्याचा त्याचाच. शिवाय गैरप्रकार वर कळविणारेही तेथें होते. लॉस एंजेलिसकडील एका व्यवस्थापकानें तसें केलें व त्याची नोकरी गेली. त्याला परत घ्यावें व सुमारें ५४ लाख डॉलर द्यावे, असा हुकूम सरकारच्या मजूर खात्यानें २०१७ सालीं केला. स्टम्फ ह्यांनीं २०१६ च्या ऑक्टोबरांतच जागा सोडली होती. २०२० च्या जानेवारींत त्यांना १ कोटी ७५ लाख डॉलर दंड झाला व बँकेच्या धंद्यांत पुन्हा पडण्याची आजन्म मनाई झाली.