आजीच्या ट्रंकेतील तेवीस चौकोन

गेल्या दिवाळीत घराची साफसफाई करताना माळ्यावरून आजीची पत्र्याची ट्रंक खाली काढली. तिच्यात जुन्या लुगड्यात गुंडाळलेले कापडाचे तेवीस चौकोन निघाले. प्रत्येक चौकोन सुमारे नऊ इंचांचा. जुन्या कापडाच्या दोन-तीन थरांवर रंगीत तुकडे बसवून ते हाताने शिवलेले होते. काही एकमेकांना जोडलेले, काही सुटे. आजीने गोधडी आरंभली होती, ती पुरी व्हायच्या आधीच आजी गेली.

घरात दोन प्रश्न उभे राहिले. हे काम केव्हाचे? आणि ते आता पुरे करावे की तसेच ठेवावे? त्यांची उत्तरे शोधताना जे शिकलो ते येथे मांडत आहे. आपल्यापैकी अनेकांच्या घरी असे एखादे गाठोडे असेलच.

गोधडीला आपल्याकडे वाकळही म्हणतात, आणि सोलापुरातील कन्नड भाषिक घरांत ती 'कौदी' होते. उत्तर कन्नडातील सिद्दी स्त्रियांची 'कवंदी', बंगालचा 'कांथा', बिहारची 'सुजनी' ही सारी याच कुळातील भावंडे. फाटके टाकायचे नाही, एवढाच या सर्वांचा धर्म. आपले गाव तर कापडाचेच. १८७७ साली येथे पहिली गिरणी उभी राहिली, तीच पुढे 'जुनी मिल' म्हणून ओळखली गेली. तेलंगणातून आलेल्या पद्मशाली विणकरांनी हातमाग आणि पुढे यंत्रमाग चालवले. आज त्या मोठ्या गिरण्यांचे भोंगे वाजत नाहीत, पण त्यांचे कापड घरोघरच्या गोधड्यांत अजून टिकून आहे.

आता काळ ठरवण्याकडे वळू. पहिला नियम असा की कापडाचे वय म्हणजे गोधडीचे वय नव्हे. पन्नास वर्षांचे लुगडे काल शिवलेल्या गोधडीत असू शकते. म्हणून सर्वांत जुना तुकडा शोधण्यात अर्थ नाही, सर्वांत नवा शोधावा. तो ज्या वर्षी बाजारात आला त्याआधी ते काम झालेले असणे शक्य नाही. मात्र त्यानंतर किती वर्षांनी झाले, हे तो सांगत नाही.

दुसरी खूण शिक्क्याची. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, १९४३ पासून, गिरणीच्या कापडावर किंमत छापण्याचे बंधन आले. ती किंमत आणे-पैत असेल तर कापड बहुधा १९५७ पूर्वीचे. १ एप्रिल १९५७ रोजी दशमान नाणी आली आणि 'नवे पैसे' हा शब्द रूढ झाला. १ जून १९६४ पासून त्यातील 'नवे' गळून पडले. १९५८ पासून टप्प्याटप्प्याने वार जाऊन मीटर आला. म्हणजे एका पुसट शिक्क्यातले दोन शब्दही सहा-सात वर्षांचा काळ नेमका दाखवतात.

तिसरी खूण धाग्याची. तुकड्याच्या कडेचा एखादा सुटा धागा चिमट्यात धरून जाळून पाहावा. सूत कागदासारखे जळते व मऊ राख पडते. रेशमाला केस जळल्याचा वास येतो. टेरीन मात्र वितळून त्याची कडक गोळी होते. आपल्याकडे टेरीन-टेरीकॉटचे सदरे साठीच्या दशकापासून दिसू लागले. इरकली लुगड्याचा पदर अंगाशी ज्या विशिष्ट फासांनी जोडलेला असतो, ती खूणही मोलाची, पण ती गाव सांगते, साल सांगत नाही.

चौथी खूण मला सर्वांत महत्त्वाची वाटते. ती म्हणजे शिवणीचा दोरा. कापड जुने वापरता येते, पण दोरा बाई सहसा त्या वेळच्या रिळाचाच घेते. आजीच्या तेवीसपैकी सतरा चौकोनांत सुती दोरा होता. उरलेल्या सहांत तो वितळणारा निघाला, आणि त्यांतल्या दोनांत टेरीकॉटही होते. म्हणजे आजीने हे काम एका बैठकीत केलेले नव्हते. ते मध्ये थांबले, आणि बऱ्याच काळाने पुन्हा हाती घेतले गेले.

येथवर सारे सुरळीत चालले होते. अडचण आली ती एका पांढऱ्या चौकोनाने. आमच्या घरी असे सांगत आले की आजीच्या सासऱ्यांची गांधी टोपी या गोधडीत आहे. मे १९३० मध्ये सोलापुरात लष्करी कायदा पुकारला गेला, तेव्हा डोक्यावर गांधी टोपी दिसली तरी शिक्षा होत असे. १२ जानेवारी १९३१ रोजी मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे आणि श्रीकिसन सारडा हे चौघे फासावर गेले. त्या दिवसांत लपवलेली ती टोपी. आत्या तो चौकोन कपाळाला लावूनच हातात घेत असे.

मी तो उलटून उजेडात धरला. वरच्या पांढऱ्या कापडाच्या आतल्या अंगाला जांभळट शाईत 'न. पै.' आणि 'मीटर' ही अक्षरे दिसली. कापड १९५८ च्या पूर्वीचे असणे शक्य नव्हते. शिवाय शिक्का शाबूत होता, म्हणजे ते कापड कधी फारसे धुतलेलेच नव्हते. वापरलेल्या टोपीचे ते कसे असणार? मी हे आत्याला सांगितले. ती दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी एवढेच म्हणाली, "मग टोपी गेली कुठं रे?"

त्या प्रश्नाने मी पुन्हा चौकोन पाहिला. एका कडेची शिवण आपोआप उसवली होती. पांढऱ्या कापडाखाली दुसरा थर दिसत होता. जाडाभरडा, पिवळट, सूत कुठे जाड कुठे बारीक, चरख्यावरच्या हातसुताचे असते तसे. विरलेले कापड जपण्यासाठी आजीने त्यावर नवे कोरे कापड घातले असावे. ती टोपीच आहे, असे मी म्हणणार नाही. हातसूत ओळखता येते, त्याचे साल ओळखता येत नाही. पण आत्याची गोष्ट खोटी आहे, असे म्हणण्याचाही अधिकार मला उरला नाही. वरचा तुकडा पाहून मी निकाल दिला होता, आणि प्रश्न खालच्या थराचा होता.

मग पुरे करण्याचा विचार झाला. चार गुणिले सहा अशी मांडणी केली तर एक चौकोन कमी पडत होता. चोविसावा मी आईच्या सुती साडीचा केला आणि त्याच्या कोपऱ्यात लाल दोऱ्याने साल घातले, म्हणजे पुढे कोणी आजीचे आणि माझे काम एक समजणार नाही.

हे करताना पाळलेली पथ्ये अशी. धुण्यापूर्वी प्रत्येक रंगावर ओले पांढरे फडके दाबून पाहिले. लाल रंग सुटत होता, म्हणून धुणे रद्द केले आणि मऊ कुंचल्याने धूळ झाडली. दोरा सुतीच घेतला, कारण नवा टेरीनचा दोरा जुन्या कापडाहून बळकट असतो व ते कापतो. दाभणाऐवजी बारीक सुई घेतली. विरलेल्या जागांवर ठिगळ न लावता मागून मलमलीचा आधार दिला. आजीचा एकही टाका उसवला नाही, तिचे वाकडे टाकेही सरळ केले नाहीत. ट्रंकेला आतून पांढरे कापड लावले, कारण पत्र्याचा गंज कापडावर उतरतो. दर काही महिन्यांनी घडी बदलायची, नाहीतर त्याच रेषेवर कापड तुटते.

त्या पांढऱ्या चौकोनाची उसवलेली कड मात्र शिवली नाही. आत्याचाच तसा आग्रह होता. ती म्हणाली, "राहू दे उघडी. पुढच्यांनाही बघू दे."

गोधडी पुरी झाली. ती तीन फूट रुंद व साडेचार फूट लांब भरली, लहान मुलाच्या अंगाची. ती कोणासाठी आरंभली होती, हे सांगणारा शिक्का कोणत्याच तुकड्यावर नाही.