शेततळ्याला फाटक हवं

शिरूर तालुक्यात लहान लेकराला एकटं सोडू नये, हे आता कुणी कुणाला सांगायची गरज राहिलेली नाही. पिंपरखेड, जांबूत भागातल्या बिबट्याच्या हल्ल्यांनी ते शिकवलं. वाडीवस्तीवर दिवे लागले, ज्यांना जमलं त्यांनी घराभोवती जाळी मारली, उसाच्या कडेला पोरं खेळत नाहीत. बिबट्याची भीती खरीच आहे. पण त्याच घरापासून हाकेच्या अंतरावर दहा फूट पाणी उघडं पडलेलं असतं आणि त्याची भीती कुणाला वाटत नाही, कारण ते आपणच खणलेलं असतं. माझी सगळी नोकरी अंगणवाडीत, सहा वर्षांच्या आतल्या मुलांत गेली. शेततळ्याबद्दल मी बोलायला लागले की गावातले पुरुष अजूनही म्हणतात, "बाई, पोरांवर लक्ष ठेवायला सांगा आयांना." त्या वाक्यावरच मला लिहायचं आहे.

आधी तळ्याचं गणित बघू. 2016 साली 'मागेल त्याला शेततळे' योजना आली. घोड, कुकडी, चासकमानच्या कालव्याचं पाणी ज्यांच्या रानापर्यंत पोचत नव्हतं, त्यांना तिचा मोठा आधार झाला. योजनेतलं सगळ्यात मोठं तळं 30 मीटर लांब, 30 मीटर रुंद आणि 3 मीटर खोल. उतार एकास एक, म्हणजे काठापासून तळापर्यंत सरळ पंचेचाळीस अंशाची घसरगुंडी. त्यात मावतं 2196 घनमीटर, जवळजवळ 22 लाख लिटर पाणी. पाणी मुरू नये म्हणून वर प्लास्टिकचा कागद अंथरतात. कागद नवा असताना गुळगुळीत असतो. एक पावसाळा गेला की त्यावर शेवाळाचा बोटभर थर चढतो. विहिरीला पायऱ्या असतात, कपारी असतात, मोटारीचा पाइप असतो. कागदाच्या तळ्यात हाताला धरायला काही म्हणजे काही नसतं.

माझ्या धाकट्या जावेचा नातू चार वर्षांचा असताना त्यांच्या तळ्यात पडला. कांद्याची लागण चालू होती. दहा-बारा बाया वाफ्यात, जाऊ त्यांच्यासाठी चहा टाकत होती, भावजी बारं देत होते. आम्ही सगळे त्याच रानात आणि पोरगं सगळ्यांच्या डोळ्यांसमोर. कुत्र्याच्या पिल्लामागे ते भरावावर चढलं आणि पलीकडे उतरलं. ओरडलं नाही, पाणी उडाल्याचा आवाज नाही. रोपं आणायला उठलेल्या एका मजूर बाईला कागदावर अडकलेली निळी चप्पल दिसली, म्हणून कळलं.

भावजींनी उडी टाकली. घोड नदीत पोहत वाढलेला माणूस. पोराला क्षणात वर उचललं. पण बाहेर येता येईना. पाय टेकवला की सटकायचा, गुडघा टेकवला की पुन्हा पाण्यात. एका हाताने पोराला डोक्यावर धरून ते तीनदा काठाशी आले आणि तीनदा आत गेले. भरावावर जुन्या ठिबकच्या नळ्यांचं भेंडोळं पडलं होतं. बायांनी ते आत फेकलं, "अहो, नळी धरा" म्हणून जाऊ किंचाळली आणि सहा-सात जणींनी दोघांना ओढून काढलं. नळ्यांचं ते भेंडोळं आठवडाभर आधी भंगारात गेलं असतं, तर त्या दिवशी घरातली दोन माणसं गेली असती. एकाला वाचवायला दुसरा उतरला आणि दोघे बुडाले, ही बातमी आपल्याकडे दर उन्हाळ्यात येते. ती पोहता न येण्याची बातमी असतेच असं नाही.

आता "लक्ष ठेवा" याकडे येते. त्या रानात पंधरा माणसं होती, आणखी किती डोळे हवेत? लहान मूल बुडताना हात हलवत नाही, हाका मारत नाही. तोंड पाण्याखाली गेलं की आवाज कुठून निघणार? दोन मिनिटं पुरतात. रांगत्या मुलाचं डोकं अंगाच्या मानाने जड असतं, ते वाकलं की डोक्यावरच पडतं. मग न्हाणीतली अर्धी बादली किंवा गुरांचा हौदही पुरतो. लक्ष ठेवायचंच, पण लागण, काढणी, तोडणी चालू असताना ते चुकणार हे धरूनच बाकीचं करायचं. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाने 2021 साली जगात सुमारे 3 लाख माणसं बुडून मेली आणि त्यांतला जवळपास चौथा हिस्सा पाच वर्षांखालची मुलं होती. त्या मुलांना आया नव्हत्या असं थोडंच आहे?

म्हणून पहिलं काम कुंपण. ऑस्ट्रेलियात घरच्या पोहण्याच्या तलावालाही 1.2 मीटर, म्हणजे चार फूट उंच कुंपण आणि आपोआप मिटणारं फाटक कायद्याने लागतं. आपल्याकडे पुष्कळ जण तळ्याला कुंपण करतात, पण ते कुत्री-जनावरं आत शिरून कागद फाटू नये म्हणून. काटेरी तारेच्या दोन ओळी कुत्र्याला अडवतील, तीन वर्षांचं मूल खालून सरळ आत जातं. जाळी जमिनीला टेकलेली हवी. जाळीच्या भोकांत पाय रोवून मूल चढतं, म्हणून बाहेरून जुनी शेडनेट बांधून घ्या. कुंपणाला टेकून क्रेट, खताच्या गोण्या, पाइप रचू नका, त्याची शिडी होते. फाटकाला दोरी बांधून तिच्या टोकाला वीट लोंबती ठेवली, तरी ते आपलं आपण मिटतं. कडी मात्र मोठ्या माणसाच्या खांद्याच्या उंचीवर. पुण्याच्या लोकांनी दौंड-शिरूरकडे फार्महाऊस बांधून अंगणात कमळांची तळी केली आहेत, त्यांनी पाण्यावर माणसाचं वजन पेलेल अशी लोखंडी जाळी बसवावी. शोभा थोडी कमी होईल, होऊ द्या.

दुसरं, आत गेलेल्याला बाहेर येता आलं पाहिजे. चारही बाजूंना नायलॉनचा जाड दोर, हात-हातभर अंतरावर गाठी मारलेला, वर खुंटाला पक्का बांधून तळापर्यंत सोडलेला. एका बाजूला जुन्या टायरांची साखळी, तिच्यावर पाय ठरतो. काठावर हवा भरलेली ट्रॅक्टरची ट्यूब आणि लांब बांबू कायमचे असू द्यात. ही ट्यूब "जरा वेळ" म्हणून कुणी नेली, तर त्याच दिवशी परत आणा. कुणी पडलं तर आधी फेकायचं, मग ओढायचं. उडी अगदी शेवटी, आणि तीही कंबरेला दोर बांधून.

मूल बाहेर आलं की आपल्याकडे दुसरा घोळ सुरू होतो. पाय धरून गरगर फिरवतात, उलटं टांगतात, पोट दाबतात. आमच्या पोरालाही एकाने पायाला धरलंच होतं. ते खोकत होतं, म्हणून मी त्याला कुशीवर निजवायला लावलं. श्वास चालू असेल तर एवढंच करायचं, ओले कपडे काढायचे, ऊब द्यायची. श्वास नसेल तर पोटातल्या पाण्याच्या मागे लागू नका. डोकं किंचित मागे, नाक चिमटीत, तोंडाने हळू फुंकर, छाती वर आलेली दिसली पाहिजे. आधी असे काही श्वास, मग छातीच्या मध्यावर 30 दाब आणि 2 श्वास, थांबायचं नाही. दुसऱ्याने 108 लावायचा. मूल शुद्धीवर येऊन हसलं-खेळलं, तरी दवाखान्यात दाखवायचंच. छातीत गेलेलं पाणी काही तासांनी त्रास देऊ शकतं. आमच्या पोराला रात्रभर ठेवून घेतलं होतं.

एवढं सगळं ज्यांच्या कानावर कधीच जात नाही, ती टोळीची मुलं. दिवाळीच्या आसपास ऊसतोडीच्या टोळ्या उतरतात आणि नेमकी त्याच वेळी तळी काठोकाठ असतात. कोपी पडते ती मोकळ्या जागेवर, पुष्कळदा तळ्याजवळच, कारण पाणी जवळ. आई-बाप पहाटे फडात. तीन वर्षांच्या भावाला सांभाळायला सात वर्षांची बहीण. बांगलादेशात अशा मुलांसाठी 'आंचल' नावाची केंद्रं काढली. गावातलीच बाई सकाळी 9 ते दुपारी 1 मुलं सांभाळते, कारण आया कामात असताना मुलं बुडतात हे त्यांनी ओळखलं. बुडून मरणाऱ्या मुलांची संख्या त्याने फार खाली आली. आपल्याकडे अंगणवाडी आयतीच आहे आणि टोळीतली मुलंही तिथे बसू शकतात. मुकादमाने पहिल्याच दिवशी मुलांची नावं सेविकेकडे द्यावीत, मालकाने कोपीची जागा तळ्यापासून लांब द्यावी.

15 ऑगस्टच्या ग्रामसभेत गावातल्या उघड्या तळ्यांची आणि कठडा नसलेल्या विहिरींची यादी मागा, 2 ऑक्टोबरच्या सभेत त्यांतल्या कितींना कुंपण-कठडा झाला हे विचारा. टोळ्या त्यानंतर येतात. अर्ज लेखी द्या आणि पोच घ्या.